मानाची खुर्ची

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आम्ही गिरजात शिरलो, तेव्हा बायकांच्या बाजूला, अगदी दाराशी, एक वेताची खुर्ची मांडलेली दिसली. आमच्या गिरजात कुणी खुर्चीवर बसत नसे. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, सगळे लांबच लांब सतरंज्यांवर मांडी घालून. नागपूरहून कुणी साहेब आले तरच पाळकसाहेबांच्या घरून ही खुर्ची यायची. त्या दिवशी साहेब आलेले नव्हते. खुर्चीच्या पाठीवर भरतकाम केलेला पांढरा रुमाल टाकला होता.

पहिलं गीत झाल्यावर पाळकसाहेब उभे राहिले. "आपल्या मंडळीच्या ज्येष्ठ भगिनी, आपल्या नर्सबाई, यांनी आयुष्यभर केलेल्या सेवेचा मान म्हणून आजपासून त्यांच्यासाठी ही खुर्ची राहील. खाली बसण्याचे कष्ट त्यांनी आता घेऊ नयेत, अशी पंचांची प्रेमाची विनंती आहे." पुरुषांच्या बाजूने दोन-तीन आमेन आले. बायका मागे वळून हसल्या. काहींनी माना डोलावल्या.

नर्सबाई म्हणजे माझी आत्या. हातात झावळी धरून ती दारातच उभी होती. तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि मग दुसऱ्या रांगेकडे. तिथं भिंतीच्या टोकाला तिची नेहमीची जागा होती. त्या जागेवर खजिनदारांच्या बाई बसल्या होत्या, दोन माणसांची जागा व्यापून, पातळाचा घेर नीट पसरून.

आत्या खुर्चीवर बसली.

आत्याला लघवी आवरत नव्हती. हे मी इथं सरळ लिहिते, कारण त्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एकाही माणसानं ते सरळ म्हटलं नाही. सेवा म्हटलं, कष्ट म्हटलं, मान म्हटला. दोन वर्षं होऊन गेली तरी 'मान' हा शब्द कुणी गोड आवाजात उच्चारला की माझ्या कपाळाची शीर उडते.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूळची सौंदडकडची, लहान वयात विधवा झालेली. मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि मग जन्मभर बाळंतपणं केली. दवाखान्यात केली त्याहून जास्त खेड्यांत. भाताच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून, हातात पेटी घेऊन चालत जायची. कुणी बैलगाडी पाठवली तर गाडीनं. तिला स्वतःला मूल नव्हतं. माझी आई गेली तेव्हा ती फुलचूरच्या वाटेवरच्या आमच्या घरी राहायला आली आणि राहिलीच. वडील मालगाडीवर गार्ड, आठवड्यातून दोन दिवस घरी. त्यामुळे घर म्हणजे आत्या आणि मी, आणि मीही बरीच वर्षं नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात.

शिकून परत आले तेव्हा मला बोलायचीच सवय राहिली नव्हती. मंडळीतल्या बायका मला 'इंग्लिशवाली' म्हणत. मला वाटे म्हणोत. गप्प बसणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर काहीही करतात आणि त्यानं पाहिलंच नाही असं धरून चालतात.

शाळेत आम्हाला अंघोळसुद्धा परकर नेसून करायला शिकवलं होतं. पोट दुखलं तर 'मला बरं वाटत नाही' म्हणायचं, कुठे दुखतं ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि घरी ही आत्या! रोज दिवेलागणीला खाटेवर पाय लांब करून बसायची, वाटीत मोहाच्या बियांचं तेल घ्यायची, आणि पायापासून वर वर तेल लावत मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्या अवयवाला हात लागेल त्या अवयवाविषयी.

"प्रभू, हे पाय पाहून घे. तूच देल्ले होते. गंज चालले, पुष्कळ चालले. आता सुजतात. सुजू दे. उपकार आहेत तुहे." मग गुडघे. "हा डावा रुसला आहे माह्यावर. तूच समजाव त्याले." मग ओटीपोटावर हात ठेवून, आवाज जराही न बदलता, "आणि हे खालचं आता ऐकत नाही. तुले माहीतच आहे. उपकार आहेत."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होते. माझे कान तापले. पण त्याहून जास्त मला राग आला.

"कशाचे उपकार, आत्या?" मी दारातून विचारलं. "पाणी जातं त्याचे?"

"सत्तर वर्षं थांबलं त्याचे," ती म्हणाली, आणि कमरेला तेल लावायला लागली.

ती मिशनच्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथला नवा डॉक्टर म्हणाला की वयाचं आहे, जड उचलून उचलून आतलं सगळं सैल झालं आहे, ह्या वयात ऑपरेशन नको. आत्यानं मान हलवली. हेच उत्तर तिनं स्वतः कितीतरी म्हाताऱ्या बायकांना दिलं होतं. ती घरी आली, जुनी लुगडी फाडून घड्या केल्या, आणि कामाला लागली. त्या दिवशी तिनं देवाकडे बरं करण्याची मागणीसुद्धा केली नाही. मी मुद्दाम ऐकत होते. मला तिच्या देवाचाही राग यायचा. इतकी वर्षं ज्यानं तिला रात्री-अपरात्री उठवलं, त्याला म्हातारपणी तिची एवढी लाज राखता येऊ नये?

पण देवाचं राहू द्या. माणसांचं सांगते.

थंडीतल्या एका रविवारी उपासनेत पहिल्यांदा सतरंजी ओली झाली. तळहाताएवढा डाग. आत्या नेहमीप्रमाणे सगळे जाईपर्यंत बसून राहिली, मग तिनं बाहेरून तांब्याभर पाणी आणलं, डाग धुतला, तेवढा भाग उन्हाकडे ओढून ठेवला. कुणाला कळू नये म्हणून नव्हे. धुवायला हवा म्हणून. पुढच्या रविवारी खजिनदारांच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, आत्याला ऐकू जाईल इतक्याच हळू, "काहीतरी बास येऊन राहिली का व?"

"उंदीर मेला असंल कुठे," शेजारीण म्हणाली, आणि दोघी पदरात हसल्या.

ह्या खजिनदारीणबाईंची तिन्ही मुलं आत्याच्या हातची. तिसऱ्याच्या वेळी त्या दीड दिवस अडल्या होत्या आणि आत्या त्यांच्या पायाशी बसून होती. बाळंतिणीच्या खोलीत काय काय आणि कशाकशाचा वास असतो हे मला माहीत नाही, पण आत्याला माहीत आहे, आणि तिनं कधी नाकाला पदर लावला नाही.

शिवाय आमच्या पंचांपैकी एक दम्याचे गृहस्थ पुरुषांच्या पहिल्याच रांगेत बसायचे. उपदेशभर खोकायचे. खोकून झालं की रुमालात थुंकायचे, रुमाल उघडून पाहायचे, आणि घडी करून खिशात घालायचे. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच पेल्यातून सगळी मंडळी पिते, आणि पेला सर्वांत आधी पहिल्या रांगेला मिळतो. म्हणजे त्यांच्या मागून आम्ही सगळे. त्यांच्यासाठी कुणी दाराशी खुर्ची मांडली नाही. ते म्हातारे होते म्हणून आदरणीय होते. आत्या म्हातारी होती म्हणून तिचा वास येत होता.

मग पाळकसाहेब घरी आले. ते नगरकडचे, बोलणं शुद्ध आणि मऊ. मी चहा दिला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले.

"नर्सबाई," ते म्हणाले, "आपलं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. नाही का?"

"आहे ना," आत्या म्हणाली.

"आणि मंदिर जीर्ण झालं की त्याला विश्रांती हवी. आपण घरीच प्रार्थना केलीत तरी प्रभू ऐकतोच. प्रभुभोजन मी दर महिन्याला इथं घेऊन येईन. तुमच्या खाटेपाशी."

"खाटेपाशी तं मराले टेकलेल्याले देतात, पाळकसाहेब."

"नाही, नाही, तसं नाही..."

"मी चालत येतो ना. फुलचूरच्या वाटेनं, धूप असो का थंडी. खाटेवर पडली की निरोप देईन. तवा या."

त्यांनी चहा संपवला. जाताना 'मंडळीतल्या काही भगिनींना अडचण होते' असं काहीतरी पायरीवरून पुटपुटले. कसली अडचण, कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आत्यानं विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी दाराआड उभी राहून माझ्या हातातली बशी इतकी घट्ट धरली होती की तिची कड तळव्यात उमटली.

दरवर्षी ईस्टरच्या आधी बायका मिळून गिरजाच्या सतरंज्या तळ्यावर नेऊन धुतात. मोठं काम असतं, दिवसभराचं. एक सतरंजी उचलायला सहा-सात बायका लागतात. सगळ्या मोठमोठ्यानं गातात आणि दुपारी तिथंच पोहे खातात. आत्या काठावर बसून हुकूम सोडायची. त्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही. आम्हाला कळलं ते झावळ्यांच्या रविवारी, गिरजाच्या पायरीवर. आत पाऊल टाकायच्या आधीच रेल्वेच्या संडासासारखा फिनाईलचा भपकारा आला. बायकांनी सतरंज्या तळ्यावर धुऊन नंतर त्यांवर फिनाईलचं पाणी शिंपडलं होतं. सगळ्या मंडळीनं तो वास नाकात घेतला आणि प्रत्येकाला त्या वासातून एकच माणूस आठवलं असणार. आणि मग ती खुर्ची.

आता त्या खुर्चीचं पुढचं सांगते. मान देण्याची घाई झालेल्या त्या पंचांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. सतरंजीवर बसलं तर खाली लुगड्याची घडी असते, बायकांचा घेर असतो, थोडंफार पाणी गेलं तरी मुरतं. वेताच्या खुर्चीला भोकं असतात.

पाळकसाहेबांचा उपदेश लांबला. मी मुलींच्या रांगेत, मागे, आत्यापासून दोन हातांवर. पहिला थेंब पडला तो मी ऐकला. मग दुसरा. खाली शहाबादी फरशी होती, तिला दाराकडे उतार होता. बारीक ओघळ निघाला आणि हळूहळू उंबऱ्याकडे गेला. आत्या सरळ समोर बघत होती. झावळी मांडीवर आडवी. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढताना मी पाहिली. इतक्या वर्षांत मी तिला कधी लाजलेली पाहिली नव्हती.

गीत सुरू झालं तशा खजिनदारांच्या बाई उठल्या, बाहेर गेल्या, आणि चुलीतली राख घेऊन आल्या, डबाभर. गिरजाच्या आवारातच चौकीदाराचं घर होतं, तिथली असावी. आणि गीत चालू असताना त्यांनी ती राख खुर्चीखाली, ओघळावर, आत्याच्या पायांवरसुद्धा, टाकली. कुत्र्यानं घाण केली की टाकतात तशी. टाकून हात झटकले आणि जाऊन बसल्या, आत्याच्या जागेवर.

"उपकार आहेत, बाई," आत्या म्हणाली.

घरात शिरून मी दार लावून घेतलं. मग बोलले. माझा आवाज इतका चढतो हे मलाच माहीत नव्हतं.

"उपकार? तिचे उपकार? तू बसलीसच का त्या खुर्चीवर? ती उचलून बाहेर का नाही फेकलीस?"

आत्या खाटेवर बसून पायांची राख पुसत होती. "मले वाटलं, खरंच देल्ली असंल. गुडघे दुखतात ना माहे. म्हटलं चला, कोणाले तरी गुडघे आठवले."

ते ऐकून मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. तिला खरंच तो मान वाटला होता. निदान बसेपर्यंत.

"आता नको जाऊस तिथं," मी म्हटलं. "पाळकसाहेब येतील घरी."

"काऊन नोको जाऊ? उत्थानाचा सण आहे आता. प्रभू कबरीतून उठला त्या दिवशी मी घरी बसू?" ती फडकं पिळत म्हणाली. "पाह्य व माय. ह्या अंगाचं मी कबूल करून टाकलं. रडली मी आधी, तुले माहीत नाही, पण रडली. मंग देवाले म्हटलं, ठीक आहे, हेच अंग तं हेच. प्रभूनं बी उठताना घावांसकट अंग परत घेतलं ना? हाताची खिळ्यांची भोकं बुजवून नाही आला. मंग मी कोण लागून गेली? माहं झालं आहे. राहिलं तं ह्या बायांचं राहिलं. त्याइले कबूल नाही. उद्या आपलं बी असंच होईल, हे पाहाले नाही पायजे त्याइले. मनून मले दाराशी बसवतात."

फडकं बाजूला ठेवून ती म्हणाली, "शास्त्रातल्या त्या बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईले कोणी खुर्ची नव्हती देल्ली. ती गर्दीत घुसली, प्रभूच्या झग्याले शिवली. मनून तिचं काम झालं."

ईस्टरच्या आधीच्या त्या पवित्र आठवड्यात तिनं बसायला गादी केली. ती खेड्यांत बाळंतिणीसाठी करायची तशीच. भाताची कोरडी तणस बारीक कापून, त्यात गिरणीतला कोंडा मिसळून, पोत्यात भरायची, वरून जुन्या लुगड्यांचे चार पदर टाचायचे. आमच्याकडे तणसीला आणि कोंड्याला काय तोटा? बाळंतपण झालं की आतलं सगळं जाळून टाकायचं आणि पोतं धुऊन पुन्हा वापरायचं. गुरुवारी तिनं दिवसभर त्या गादीवर बसून तांदूळ निवडले. संध्याकाळी गादी उलटी करून पाहिली. खालून कोरडी होती. मग परसात जाऊन तिनं आतली तणस जाळली.

कुंपणापलीकडच्या शेतकरीणबाईंनी धूर पाहिला. त्यांच्या घरची बाळंतपणं आत्यानंच केलेली. "अव नर्सबाई, कोणाचं झालं व आज? पोरगा का पोरगी?"

"म्हातारी!" आत्या ओरडली.

"काय म्हणता?"

"म्हातारी, म्हातारी. सत्तरीची. माहं अंग आता लेकरावाणी झालं ना. ओलं करून राहिलं."

पलीकडची बाई हसली नाही. कुंपणाशी येऊन म्हणाली, "माह्या सासूले बी होतं तसंच. कोंडा आहे का पुरता? धाडू का पोरीच्या हातानं?" आणि खरंच टोपलीभर पाठवला. वडील त्या दिवशी घरी होते. त्यांनी ते संभाषण ऐकलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला सांग, सणाच्या दिवशी पंचांशी वाद नको." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितलं नाही.

ईस्टरच्या सकाळी मी गादी काखेत घेतली आणि आत्यानं माझा खांदा धरला. गिरजात खुर्ची तशीच दाराशी. आता तिच्याखाली एक घमेलं ठेवलेलं होतं. घमेलं! आत्या खुर्चीपाशी थांबली नाही. बायकांच्या मधून वाट काढत ती दुसऱ्या रांगेच्या टोकाला गेली. खजिनदारांच्या बाई तिथं बसल्याच होत्या.

"सरक व थोडी," आत्या म्हणाली.

"नर्सबाई, आपके लिये कुर्सी है ना वहाँ," त्या बाई म्हणाल्या. त्यांना राग आला की त्या हिंदीत जात. "बुरा मत मानो, पन सब को तकलीफ होती है."

"कायची तकलीफ?"

"अब क्या बोलू सबके सामने..."

"मी बोलतो सबके सामने," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पेटी वाजवणाऱ्यानं हात थांबवला होता आणि गिरजा शांत होता. "माह्या अंगातून पाणी जाते. म्हातारी झाली मनून जाते. रोग नाही, पाप नाही. ही गादी आणली आहे, सारं ह्यातच मुरते, तुमची सतरंजी खराब होत नाही. जिले वास येईल तिनं सरकून बसावं. मी मराले टेकली नाही अजून. सरक."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब हातातल्या कागदाकडे पाहत होते. खजिनदारांच्या बाई उठल्या आणि पुढच्या रांगेत गेल्या. त्यांच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. मी गादी मांडली, आत्या बसली, आणि तिच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला चार माणसांची रिकामी सतरंजी. मी मुलींच्या रांगेत न जाता त्या रिकाम्या जागेत बसले. इतक्या लोकांच्या नजरा एकदम माझ्या पाठीवर कधी पडल्या नव्हत्या.

प्रभुभोजनाला रांगा एकेक करून पुढे जातात आणि कठड्यापाशी गुडघे टेकतात. आमच्या रांगेची पाळी आली, आत्या माझ्या खांद्यावर भार देऊन उठली, तेवढ्यात खजिनदारांनी मध्ये हात आडवा धरला. "तुम्ही शेवटी, नर्सबाई. सावकाश. घाई नाही." पुन्हा तोच गोड आवाज. मागच्या रांगा आमच्यासमोरून गेल्या. लहान मुली गेल्या. आत्या उभी होती, डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेत.

आमच्या मागून प्यायला कुणीच उरलं नाही, तेव्हा आम्हाला सोडलं. मला ते सगळं एकदम कळलं. लघवीचा आणि पेल्याचा काय संबंध? ओठांचा आणि त्याचा काय संबंध? दम्याचे पंच पहिल्या घोटानं पेला उष्टा करून केव्हाच आपल्या जागी जाऊन बसले होते आणि आताही खोकत होते.

कठड्याशी आम्ही दोघीच. आत्यानं कठडा धरून जेमतेम गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी दोघींना भाकर दिली. मग पेला घेऊन ते आधी माझ्याकडे आले, म्हणजे आत्या अगदी शेवटची राहावी. मी मान हलवली.

"घे, बेटा," ते कुजबुजले.

मी मान खाली घातली. ते क्षणभर थांबले, मग आत्यापुढे गेले. तिनं दोन्ही हातांनी पेल्याला आधार दिला, डोळे मिटले, प्यायली. त्यांनी कड पुसली आणि ते मेजाकडे वळले.

"पाळकसाहेब," मी म्हटलं. "माझं राहिलं."

त्या गिरजात मी मोठ्यानं उच्चारलेले ते पहिले शब्द असावेत. ते वळले. त्यांना कळलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांचा अधिक राग येतो. वाईट माणसाला निदान लाज तरी वाटली नसती. ते लाल झाले, पेला घेऊन परत आले, आणि मी आत्याच्या मागून प्याले. पेल्यात जेमतेम घोटभर उरलं होतं. मनुका उकळून केलेला रस तो, नेहमी गोडच असतो. मला त्याची चवही कळली नाही.

परतताना आत्यानं माझा खांदा धरला होता. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू रागानं पिली."

"हो."

"रागानं पियाचं नसते ते."

"मग त्यांनी तुला शेवटी उभं करायचं असतं का?"

"ते त्याइचं. तुहं मी तुले सांगून राहिली." पण तिचा हात माझ्या खांद्यावरून हलला नाही, आणि घर येईपर्यंत तिनं भार नेहमीपेक्षा जास्त टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर विहिरीपाशी बादली होती. आत तिची कालची फडकी आणि लुगडं. इतके महिने ती पहाटे उठून, मी जागी व्हायच्या आत, हे सगळं स्वतः धुऊन वाळत घालायची. एकदा मी बादलीला हात लावला होता तर तिनं माझ्या हातावर चापट मारली होती. आज ती खाटेवर बसून दारातून माझ्याकडे पाहत होती.

"कंबर धरली आहे," ती म्हणाली. "धुशील का?"

मी खाली बसले. साबण लावला. आणि मग ती फडकी दगडावर आपटायला लागले. खजिनदारांसाठी एकदा, राखेसाठी एकदा, घमेल्यासाठी, त्या भरतकामाच्या रुमालासाठी. पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. त्याला वास होता, तिखट, साधा, माणसाचा. मला त्याची किळस येईल असं वाटलं होतं. आली थोडी. मग गेली.

"हळू व," आत्या खाटेवरून ओरडली. "जुनी लुगडी आहेत, फाटतीन. त्याइनं तुहं काय केलं?"

मी हळू केलं नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही. थोड्या वेळानं माझ्या कानावर तिची प्रार्थना आली. आज ती सकाळीच सुरू झाली होती, तेलाशिवाय. पाय झाले, गुडघे झाले, कंबर झाली. "आणि ह्या पोरीचे हात पाहून घे," ती म्हणत होती. "गंज जोर आहे त्याइच्यात. राग बी आहे. दोन्ही राहू दे काही दिवस. धुणं गंज आहे."